फिश टँकचं टेरेरियम (काचेच्या पेटीतली छोटी बाग) करताय? कोपऱ्यात एक पाइप उभा करा

फिश टँकला खाली भोक नसतं, त्यामुळे जास्तीचं पाणी तळाशी साचतं, मुळं कुजतात आणि वरून बघून काहीच कळत नाही. उपाय अगदी सोप्पा आहे.

१. काचेवरचे पांढरे क्षाराचे डाग व्हिनेगरने पुसा, मग साध्या पाण्याने धुवा.
२. अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा मागच्या कोपऱ्यात उभा करा, खालचं टोक तिरकं कापलेलं हवं, सरळ कापलं तर ते काचेला चिकटून बसतं आणि पाणी आत येतच नाही.
३. पाइपभोवती दीड-दोन इंच खडी (टँकमधलीच चालते, स्वच्छ धुऊन), वर मच्छरदाणीची जाळी, म्हणजे माती खाली उतरत नाही, मग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेली माती.
४. फिटोनिया, छोटे नेचे, मॉस लावा. पावसाळ्यात मॉस कंपाउंडच्या भिंतीवर फुकट मिळतं, विकत कशाला घ्यायचं!

आता अधूनमधून पाइपमधून लांब काडी तळापर्यंत घालायची, खडीच्या थरापेक्षा वरपर्यंत ओली आली की एअर पंपाची नळी सिरिंजला लावून पाणी ओढून काढायचं. झाडं उपटायला नको की माती उकरायला नको.

फक्त टँक थेट उन्हात ठेवू नका, काच तापते आणि आतली झाडं अक्षरशः उकडून निघतात.