घोडी व्यायली की आधी चीक मोजा, दुसऱ्या दिवशी शिंगराचं रक्त

तासगावकडं द्राक्ष काढणी चालू असते तेव्हाच घोड्या व्यायचा पण सीझन असतो, आणि बागेत मण्याची गोडी बघायचं जे ब्रिक्स मीटर घरात पडलेलं असतं ना, त्यावरच घोडीचा चीक पण मोजता येतो, हे अजून लय जणांना माहीत नाही.

शिंगराला पोटात असताना आईकडून अँटीबॉडी (रोगाशी लढणारी प्रथिनं) जवळजवळ मिळतच नाहीत, जे काय मिळायचं ते चिकातूनच. म्हणून शिंगरानं सड धरायच्या आधी दोन थेंब काचेवर टाका (मीटर पाण्यानं शून्यावर आणून), मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा, निळं संपून पांढरं कुठं लागतंय तो आकडा वाचा. 20 च्या वर चांगला, 30 च्या वर एक नंबर, 15 च्या खाली आला तर दुसऱ्या घोडीचा चीक लगेच शोधायला लागा. नुसत्या रंगावर जाऊ नका. आणि व्यायच्या आधीच जिची कास गळत होती तिचा चीक तर मोजल्याशिवाय धरूच नका, कस आधीच वाहून गेलेला असतो.

शिंगरू तासात उभं, दोन तासात सडाला, आणि घोडीची जार तीन तासात पडलेली पाहिजे. पहिल्या 6-8 तासात आतडं अँटीबॉडी चांगल्या ओढतं, 24 तासांनंतर कितीबी पाजा, रक्तात जात नाहीत. 45-50 किलोच्या शिंगराला त्या पहिल्या आठ तासात लिटर-दीड लिटर तरी जावा, तट्टाच्या शिंगराला वजनाप्रमाणं कमी. पडून असलेल्याला बाटली कोंबू नका दादा, फुफ्फुसात जातं, डॉक्टरांकडून नळीनं पाजून घ्या.

18 ते 24 तासांनी रक्त काढून आयजीजी, म्हणजे त्यात अँटीबॉडी किती गेल्या ते बघायचं. डेसिलिटरला (100 मिलीला) 800 मिलिग्रॅमच्या वर असेल तर निवांत, 400 ते 800 अर्धवट, 400 च्या खाली म्हणजे धोका, आणि तोवर चिकाची वेळ गेलेली असते म्हणून प्लाझ्मा (घोड्याच्या रक्तातला अँटीबॉडी असलेला पातळ भाग) चढवावा लागतो. आयजीजी मोजायचं किट नसेल तर डॉक्टरांना ग्लुटराल्डिहाइड टेस्टचं विचारा, त्या औषधानं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) दहा मिनिटात गोठलं तर 800 च्या वर धरतात. अडलंच तर शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे. बाकी रिपोर्टमधली नॉर्मल रेंज बहुतेक वेळा मोठ्या घोड्याची असते, शिंगराचं अल्कलाइन फॉस्फेटेज (रक्तातलं एक एन्झाइम) त्यापेक्षा कितीतरी जास्त येतं, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते पांढऱ्या पेशी आणि साखर दोन्ही खाली आल्यावर, तिथं जंतू रक्तात गेल्याची शंका धरून त्याच दिवशी उपचार पाहिजेत. पहिल्या एक-दोन दिवसात हिरड्या पिवळ्या पडून शिंगरू मलूल झालं तर आईचं दूध तिथंच थांबवा आणि फोन लावा, आईच्याच चिकातल्या अँटीबॉडी त्याच्या तांबड्या पेशी फोडत असू शकतात.

ज्याच्या घोडीचा चीक 30 च्या वर गेला त्यानं शिंगरू पोटभर पिल्यावर पाव लिटर काढून, तारीख टाकून डीप फ्रीजरला ठेवा, वर्षभर टिकतो. गरज पडली की बाटली कोमट पाण्यात बुडवून वितळवा, उकळू नका.