हृदयविकाराच्या संशोधनाची बातमी वाचून गोळ्या बदलताय? या चुका टाळा

सकाळचं चालणं झालं की गोदापार्कच्या बाकावर आमचे पाच-सहा जण टेकतात. दोघांना स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेला, त्यामुळे विषय फिरून हृदयावर येतोच. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एका काकांनी रक्ताची गुठळी रोखणारी ॲस्पिरिन परस्पर बंद केली. व्हॉट्सॲपवर बातमी आली होती : ॲस्पिरिनचा फायदा नाही, रक्तस्राव मात्र वाढतो. बातमी खरी होती, पण ती काकांसारख्यांची नव्हती.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अभ्यास कोणावर झाला, हे कुणी बघतच नाही. बातमीतल्या, २०१८ साली आलेल्या ॲस्प्री अभ्यासात १९,११४ ज्येष्ठ होते, बहुतेक सत्तरीपुढचे, आणि आधी हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेलेच त्यात घेतले होते. काकांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. त्यांच्या जवळचा अभ्यास म्हणजे १९८८चा आयसिस-२. झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांपैकी ज्यांना ॲस्पिरिन मिळाली नाही, त्यांच्यात पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने शंभरात सुमारे १२ जण दगावले. ज्यांना मिळाली, त्यांच्यात सुमारे ९. गोळी तीच, माणसं वेगळी.

याच आकड्यांत दुसरी चूकही दडलेली आहे. बातमीत हा फरक 'मृत्यू २३ टक्क्यांनी कमी' असा छापला जातो. टक्के दिसले की आधी विचारावं, शंभरातले किती?

तिसरी चूक म्हणजे काय मोजलं, ते सोडून देणं. इस्केमिया हा ५,१७९ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आणि 'अँजिओप्लास्टी फुकट' असा त्याचा अर्थ लावला गेला. मला हे वाचून फार वाईट वाटलं. तो स्थिर आजाराच्या, म्हणजे त्रास अचानक न वाढलेल्या, रुग्णांचा अभ्यास होता. त्यांच्यात औषधांच्या जोडीला लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा झटके ठळकपणे घटले नाहीत, हे खरं. पण छातीत वारंवार दुखणाऱ्यांना आराम अधिक मिळाला. आणि नुकताच झटका आलेले किंवा डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले लोक त्यात नव्हतेच. झटका चालू असताना 'अभ्यासात सांगितलंय' म्हणून कुणी घरी बसलं, तर हृदयाचा स्नायू मरत जातो. तेव्हा १०८ला फोन करायचा.

स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे, अंग दुखतं म्हणून गोळी सोडणारेही आमच्या बाकावर आहेत. दुखणं खोटं नसतं. पण २०२०च्या सॅमसन अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं गेलं. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही जाणवला. नंतर निम्म्यांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. म्हणून त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, दुसरी स्टॅटिन देता येते.

स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि गुठळी रोखणारीच दुसरी गोळी क्लोपिडोग्रेल सोबत असतील तर दात काढण्याआधीही त्या स्वतःहून थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दाताच्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवा, हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

काकांनीही हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला, जरा उशिरा. गोळी पुन्हा सुरू झाली. आता बातमी आली की ते आम्हाला आधी विचारतात, 'अभ्यासातल्या लोकांना झटका येऊन गेला होता का?'