गोल कॉलर नीट बसत नाही? या चुका टाळा

सुती साडीवर गोल कॉलरचं ब्लाऊज फार गोड दिसतं. पण पहिलं शिवून झालं की तक्रार ठरलेली: कॉलरची कड झालरीसारखी फुलते, नाहीतर गळ्याची शिवण बाहेर डोकावते. मग मशीनला किंवा टेलरला बोल लावला जातो. मी आजवर उसवून पाहिलेल्या बहुतेक कॉलरींची चूक शिवणात नव्हती, कागदावरच झालेली होती.

ही कॉलर ब्लाऊजच्या गळ्यावरूनच आखतात. पुढच्या आणि मागच्या भागाचे कागद खांद्याला जुळवून ठेवायचे आणि गळ्याभोवती ६-७ सेंटीमीटर रुंदीची गोलाई काढायची. इथे खांदे नुसते कडेला कड लावून ठेवले, की बाहेरची कड लांब होते आणि फुलते. गळ्याकडची टोकं जुळलेली राहू द्या, मुंढ्याकडची (बाही जोडतात तिकडची) टोकं मात्र अर्धा इंच एकमेकांवर चढवा. (खांद्याची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा जागा, आधी दुमडून घ्या, नाहीतर माप फसतं.) बाहेरची कड तेवढी आखूड झाली की कॉलर गळ्याशी जराशी उचलून वळते आणि शिवण तिच्याखाली झाकली जाते. अर्ध्या इंचापेक्षा जास्त चढवलंत तर ती आणखी उभी राहते. फुललेली कॉलर इस्त्रीने बसत नाही; उसवून नवीनच कापा, त्यातच वेळ वाचतो.

कॉलरच्या कापडाचा खालचा थर वरच्याइतकाच कापला तर कडेला तो दिसतो. बाहेरच्या गोलाईला तो २-३ मिलिमीटर लहान ठेवा. उलटवण्याआधी माया पाव इंचावर आणा आणि गोलाईवर छोटे त्रिकोणी काप द्या; ते द्यायचे राहिले की गोलाई कोनाकोनाची दिसते. आत बकरम (कडक अस्तर) तर नकोच, पातळ फ्युजिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) पुरतं.

पुढे हुक असतील तर कॉलरची टोकं हुकपट्टीच्या कडेला नाही, मध्यरेषेवर भेटली पाहिजेत. हुक पाठीवर असतील तर कॉलर मागेही दोन तुकड्यांत हवी, हे टेलरला आधीच सांगा.

या गोल कॉलरचं 'पीटर पॅन कॉलर' हे नाव १९०५ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर अभिनेत्री मॉड अ‍ॅडम्सने घातलेल्या पोशाखावरून रूढ झालं. भूमिका पीटर पॅनची, म्हणजे कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलाची होती. बारक्या चौकटींवर इवलीशी पांढरी कॉलर लावली, की तेच बालपण शाळेचा गणवेश होऊन समोर येतं. मोठ्यांच्या ब्लाऊजला ती थोडी रुंद आणि कापडाच्याच रंगातली असावी, असं मला मनापासून वाटतं.

तरीही गडद खणावर पांढरीच हवी असेल, तर खणाचं कापड कापण्याआधी धुऊन रंग जातो का ते पाहा. जात असेल तर कॉलर टिचबटणांवर बसवा, म्हणजे धुताना काढून ठेवता येईल.