ईपरला सायकलवर: आधी नंबर लिहून घ्या
बेल्जियममधल्या ईपरला सायकल भाड्याने घेतलीत की मोबाइल खिशात टाका. तिथे सायकलवाटांच्या नाक्यांना नंबर असतात. मी दिवसभराचे नंबर कागदी चिकटपट्टीवर लिहून हँडलला चिकटवते. बॉलपेननेच लिहा, जेलची शाई घामाने पसरते. टाइन कॉट, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी, साधारण 10 किलोमीटर, चढ अगदी किरकोळ. बटाट्याची शेतं, गाई, आणि मग एकदम थडग्यांचे 12,000 च्या आसपास पांढरे दगड! येताना वारा बहुधा तोंडावर, म्हणून वेळेत निघा. ईपरमधल्या मेनिन गेटला, त्याच युद्धातल्या सैनिकांच्या स्मारकाला, रोज रात्री 8 ला बिगुल वाजतो. त्याआधी भिंतींवरची भारतीय पलटणींची नावं शोधा. 1914 मध्ये जवळच्याच होलेबेकेला लढलेले खुदादाद खान व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे पहिले भारतीय सैनिक. दिवा न्याच. मी एकदा अंधारात चाचपडत आलेय.