बँडच्या कार्यक्रमाला निघताना आधी पेन्सिल

वाद्य घ्या हे सांगायला नको. पण त्याच्याही आधी पेन्सिल घ्या. मोठेपणी पुन्हा वाद्य हातात घेऊन हौशी कॉन्सर्ट बँडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगते, कारण मागच्या कार्यक्रमाच्या वेळी माझ्याजवळ बाकी सगळं होतं, पेन्सिल तेवढी नव्हती.

शेवटच्या तालमीत बँडमास्तर म्हणाले, "४८व्या बारनंतर सगळे थांबणार. माझा हात खाली येईपर्यंत कोणीही वाजवायचं नाही." बार म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा. छापील पार्टात, म्हणजे माझ्या वाद्यापुरत्या स्वरलिपीच्या पानांत, तो थांबा नव्हता. आजूबाजूच्यांनी पटापट खुणा केल्या, मी नुसती मान हलवली. एवढं लक्षात राहील असं वाटलं. कार्यक्रमात सगळं सभागृह शांत असताना ४९वा बार मी एकटीने वाजवला. शेजारच्या बाईंच्या पानावर त्या जागी दोन तिरक्या रेघा होत्या आणि वर इवलासा चष्मा काढलेला, म्हणजे इथे मास्तरांकडे बघा. माझं पान कोरं होतं. लक्षात ठेवण्याच्या भरवशावर राहू नका. तालमीत आपण दमलेले असतो, दिवसभराची कामं डोक्यात असतात. लिहा.

पेन्सिल मऊ हवी, २बी चालेल. मंचावरच्या दिव्यात तिची रेघ दिसते आणि नंतर सहज खोडता येते. पेन नको, पार्ट बँडचे असतात, उद्या ते दुसरं कोणी वाजवणार. आणि पेन्सिल बॅगेत ठेवायची नाही, स्टँडवर ठेवायची. बॅगेतून शोधून काढेपर्यंत मास्तर पुढच्या पानावर गेलेले असतात.

फोल्डर, स्टँड, पाणी, काळे कपडे हे आलंच.

रीड, म्हणजे क्लॅरिनेट-सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसणारी पातळ पट्टी, वापरणाऱ्यांनी वाजवून रुळलेल्या तीन-चार रीड जवळ ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी नवी रीड पाकिटातून काढू नका. रीड बोरूसारख्या गवताच्या दांड्याची असते, ओल पिऊन फुगते, आणि पहिले काही दिवस तिचा आवाज रोज बदलतो. आज छान वाजली म्हणून उद्या वाजेल असं नसतं.

चष्म्याकडे नीट लक्ष द्या, चाळिशीनंतर तर नक्कीच. पुस्तक वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो आणि स्टँड त्याहून बराच लांब. त्या चष्म्यातून स्वरांची शेपटं एकमेकांत मिसळतात. दोन भिंगांच्या चष्म्यात खालच्या भागातून बघायला हनुवटी वर जाते, आणि हनुवटी वर गेली की ओठांची पकड बिघडते. वाजवायला बसल्यावर डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्या आकड्यावर चष्मा करून घ्या.

सराव रोज वीस मिनिटं करा. आदल्या दिवशी दोन तास वाजवलंत तर कार्यक्रमाच्या निम्म्यातच ओठ सोडून देतात. ते स्नायू आहेत, त्यांना घाई चालत नाही. बसल्या बसल्या लांब विरामही मोजून बघा. २३ बार गप्प बसून २४व्याला बरोबर येणं वाजवण्यापेक्षा अवघड आहे. विरामाच्या वर लिहून ठेवा, "इथे ट्रम्पेट येतात", "इथे ट्यूबा थांबतो". कशाने लिहायचं ते सांगितलंय.

सूर जुळवताना मास्तर कॉन्सर्ट बी फ्लॅट मागतात, म्हणजे प्रत्यक्ष ऐकू येणारा बी फ्लॅट. तोच सूर वेगवेगळ्या वाद्यांच्या पार्टात वेगळ्या नावाने लिहिलेला असतो. बी फ्लॅट क्लॅरिनेटने तेव्हा आपला सी वाजवायचा, आल्टो सॅक्सोफोनने जी, एफ हॉर्नने एफ. गोंधळ होत असेल तर फोल्डरच्या आत लिहून ठेवा, त्यात लाज नाही. पण त्याआधी वाद्य फुंकून गरम करा. वाद्यातली हवा १० अंशांनी गार असली तर सूर साधारण ३० सेंट उतरतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. गार वाद्यावर जुळवलेला सूर दुसऱ्या रचनेपर्यंत चढलेला असतो. लाकडी क्लॅरिनेट थंडीतून आणून लगेच जोरात फुंकू नका, चिरतो.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे न्या, निदान सहा.

निघण्याआधी पार्ट क्रमाने लावा. कार्यक्रमाच्या जागी गेल्यावर खुर्चीत बसा, मास्तर दिसतात का बघा, नसतील तर स्टँड खाली करा. सगळ्या खुणांवरून एकदा नजर फिरवा. पेन्सिल स्टँडवर आहे ना?

नंतरचं थोडक्यात. वाद्य आतून पुसा, रीड काढा, खुणा खोडून पार्ट परत द्या. स्टँड मिटण्याआधी पेन्सिल उचला.