माउसचा खरा डीपीआय मोजताना या चुका टाळा

नवा माउस घेतला, जुन्यासारखाच ८०० डीपीआय ठेवला, तरी कर्सर पुढे पळतो आणि गेममध्ये नेम चुकतो. आपलाच हात बिघडला असं समजून तासन्‌तास सराव करू नका, आधी माउस मोजा. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा ८०० हा फक्त निवडलेला आकडा असतो. प्रत्यक्षात तो ७७० किंवा ८४०ही निघू शकतो.

माउस एक इंच, म्हणजे २.५४ सेंटीमीटर सरकला की सेन्सर जितके काउंट, म्हणजे हालचालीच्या बारीक नोंदी, पाठवतो, तो डीपीआय. त्या काउंटवरून कर्सर किती हलवायचा, हे विंडोज ठरवतं आणि पहिला घोळ तिथेच होतो. विंडोजच्या माउस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ चालू असेल तर झटकन हलवलेला माउस कर्सरला जास्त लांब नेतो, म्हणजे अंतर तेच पण उत्तर दरवेळी वेगळं. नावात प्रिसिजन आहे म्हणून अनेकजण ती खूण तशीच राहू देतात. ती काढा आणि पॉइंटर स्पीडचा स्लायडर अकरापैकी सहाव्या खुणेवर ठेवा, म्हणजे एका काउंटला एक पिक्सेल मिळेल.

त्यानंतरही स्क्रीनच्या रुंदीवरून मोजणं मला पटत नाही. १९२० पिक्सेल ओलांडायला ८०० डीपीआयला जेमतेम ६.१ सेंटीमीटर लागतात. त्यात ३ मिलिमीटरची गफलत झाली तर पाच टक्के गेले, आणि आपण शोधतोय तो फरकच मुळात तेवढा आहे! त्यापेक्षा माउसटेस्टरसारखा प्रोग्राम वापरा. तो सेन्सरचे काउंट थेट मोजतो, त्यामुळे स्क्रीनची कड आणि विंडोजचं सेटिंग दोन्ही आड येत नाहीत. २० सेंटीमीटर सरकवल्यावर ८०० डीपीआयला सुमारे ६३०० काउंट यायला हवेत. ६६२० आले, तर २० सेंटीमीटरचे ७.८७४ इंच, म्हणून ६६२० भागिले ७.८७४, म्हणजे ८४१.

मोजपट्टीच्या बाबतीत फार जण फसतात. कंपासपेटीतल्या पट्टीचा शून्य बहुधा कडेला नसतो, थोडा आत असतो. पट्टी टेबलाला चिकटपट्टीने पक्की करा, माउसवर पेनाने एक बारीक खूण करा आणि तीच खूण शून्यापासून २० पर्यंत न्या. नुसत्या मनगटाने सरकवलात तर माउस कमानीत फिरतो, म्हणून एक जाड पुस्तक आडवं ठेवून त्याच्या कडेने न्या. माउस दहा अंशांनी जरी तिरका राहिला तरी आडवे काउंट दीड टक्क्याने घटतात. पाच वेळा मोजून सरासरी घ्या.

प्रोग्राम नको असेल तर काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउसच्या हालचालीला नजर किती वळते ते सेटिंग, १ ठेवून एक पूर्ण गिरकी घ्या. तिथे एका काउंटला ०.०२२ अंश वळतं, म्हणून ८०० डीपीआयला सुमारे ५२ सेंटीमीटर लागतात. ८४१ ला ४९.४ मध्येच गिरकी पुरी होते.

आकडा हाती आला की गेममधली सेन्सिटिव्हिटी ८०० भागिले ८४१, म्हणजे ०.९५ ने गुणा. मात्र हा गुणक १६०० डीपीआयच्या पायरीला तसाच लावू नका. ती पायरी वेगळी मोजा, आणि रोज वापरता त्याच पॅडवर मोजा.