आई-बाबांना घेऊन फिलिप आयलंड: एका तिकिटात भागवायची तयारी

मेलबर्नला भारतातून कोणी आलं की दोन ठिकाणं ठरलेलीच, एक ग्रेट ओशन रोड आणि दुसरं ते पेंग्विनवालं बेट. आधी सासू-सासरे, मग आई-बाबा, मग बाबांचे रिटायर्ड मित्रमंडळ असं करत करत माझ्या फिलिप आयलंडच्या चार-पाच फेऱ्या झाल्यात आणि दर सुट्टीत कोणाचा तरी फोन येतोच की अगं काय काय न्यायचं, किती खर्च येतो, टूरवाल्याबरोबर जाऊ का. म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. आधीच सांगते, माझ्या मते तिथे पैसे देऊन बघण्यासारखी एकच गोष्ट आहे, पेंग्विन परेड, म्हणजे संध्याकाळी समुद्रातून किनाऱ्यावर चालत येणारे पेंग्विन. बाकी दिवसभर जे बघायचं ते फुकट आहे, पार्किंगसकट, फक्त ते कधी आणि कुठे हे आधी माहीत पाहिजे आणि कपडे नीट पाहिजेत.

कपड्यांचंच आधी घेते कारण पहिल्या वेळी आम्ही तिथेच माती खाल्ली. डिसेंबरचे दिवस, मेलबर्नमध्ये ऊन मी म्हणत होतं, सगळे कॉटनचे कुडते आणि सँडलवर निघालो आणि संध्याकाळी समोर समुद्र, खाली सिमेंटच्या गार पायऱ्या आणि अंटार्क्टिकाकडून येतो की काय असा वारा. बाबांनी शेवटी गाडीतली पिकनिकची सतरंजी अंगावर घेतली आणि आई पदर कानावरून घट्ट घेऊन बसली. तेव्हा भर उन्हाळ्यात जात असलात तरी प्रत्येकाला एक जाड जॅकेट, कानटोपी, मोजे आणि बसायला एखादी घडीची चटई किंवा उशी घ्याच, आणि हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैमध्ये, जे जे असेल ते ते घाला. छत्री नेऊ नका, त्या वाऱ्यात तिची काडी न् काडी निघते आणि मागच्याला दिसत नाही ते वेगळंच, टोपीवाला रेनकोट बरा. दिवसा मात्र उलटं, ढग असले तरी ऊन चटके देतं, सनस्क्रीन आणि कॅप लागतेच. बूट बंद हवेत, पायवाटा वाळूच्या आहेत आणि उन्हाळ्यात गवतात साप असतात, म्हणून वाट सोडून फोटोसाठी आत शिरायचं नाही. आणि भारतातून येणारे कोणी राजगड-तोरण्याचे ट्रेकिंगचे बूट आणणार असतील तर ते आधी घासून धुवायला सांगा आणि एअरपोर्टवर फॉर्ममध्ये डिक्लेअर करायला सांगा, तळव्यातली माती इथे अजिबात चालत नाही.

आता तिकीट. पेंग्विन परेडचं तिकीट ऑनलाइन आधी काढा, शाळांच्या सुट्ट्यांमध्ये आणि ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात ते संपतं आणि मग तिथवर जाऊन परत यायची वेळ येते. त्यात प्रकार आहेत, जनरल, मग जरा जवळून बघायचं पेंग्विन प्लस, मग जमिनीखालच्या काचेतून बघायचं अंडरग्राउंड. मी तिन्हीतलं जनरलच सांगीन, का ते पुढे सांगते. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. कोआला बघायचाय असा कोणाचा हट्ट असेल तर तिथलं कोआला रिझर्व्ह वेगळं तिकीट घेतं, झाडांच्या उंचीवरून लाकडी पूल काढलाय त्यावरून चालायचं. पण कोआला दिवसाचे वीसेक तास झोपतो, त्यामुळे फांदीच्या बेचक्यात एक राखाडी गोळा दिसणार एवढी तयारी ठेवा, आणि कडेवर घेऊन फोटो वगैरे विसरा, व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं त्या राज्यात, त्याला परवानगी नाही.

तिकीट काढायच्या आधी सूर्यास्ताची वेळ बघा, सगळा दिवस तिच्यावर उलटा बेतायचाय. पेंग्विन वर्षभर रोज येतात, अंधार पडायला लागला की. जानेवारीत सूर्य मावळायलाच पावणेनऊ होतात, म्हणजे घरी पोचायला मध्यरात्र, मागच्या सीटवर मुलं वाकडीतिकडी झोपलेली आणि ड्रायव्हरचे डोळे मिटायला लागलेले. जूनमध्ये पाच-सव्वापाचलाच सूर्यास्त, थंडी कडाक्याची पण साडेआठ-नऊला घरी खिचडी. लहान मुलं आणि सत्तरीचे आजी-आजोबा बरोबर असतील तर मला तरी हिवाळाच सोयीचा वाटतो, लोकांना पटत नाही.

जायचं कसं तर स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर, पावणेदोन-दोन तास. भारतातलं लायसन्स इंग्रजीत असेल तर फिरायला आलेल्या माणसाला चालतं आणि गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे बाबालोक लगेच म्हणतात दे मी चालवतो, तेवढं देऊ नका. बसने काउजपर्यंत, म्हणजे बेटावरच्या मुख्य गावापर्यंत, जाता येतं आणि ते स्वस्तही पडतं, पण काउजहून पेंग्विनपर्यंत सरकारी बस नाही, तिथे अडकायला होतं. चार-पाच माणसं असतील तर गाडीचं भाडं आणि पेट्रोल मिळूनही टूरपेक्षा कमीच पडतं. बेटावर जायला पूल आहे, १९६९ सालचा, त्याला ना टोल ना बेटाची एंट्री फी.

सकाळी असं निघा की बाराच्या आधी सॅन रेमोला पोचाल. पुलाच्या अलीकडचं गाव ते, तिथे जेट्टीजवळ दुपारी बाराला पेलिकनना मासे घालतात आणि बघायला पैसे लागत नाहीत. हे पक्षी जवळून बघितले नाहीत तर त्यांचा आकार कळतच नाही, आमची आई म्हणाली ही चोच आहे की भाजीची पिशवी. उभं राहिलेलं पेलिकन चार वर्षांच्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवतं, त्यामुळे लहान्यांचा हात धरून ठेवा. आणि आपल्या हाताने कोणालाच काही घालायचं नाही, सीगलला पण नाही. एकदा आमच्यातल्या एकाने प्रेमाने एक शेव टाकली आणि पुढची दहा मिनिटं आम्ही डबा पोटाशी धरून पळत होतो.

डब्याचा विषय निघालाच आहे तर, डबा घरून न्या. बेटावर फिश अँड चिप्स, पिझ्झा, बर्गर सगळं मिळतं पण शाकाहारी माणसाला चिप्सवर दिवस काढावा लागतो आणि पाच जणांचं बिल पेंग्विनच्या तिकिटांच्या घरात जातं. आम्ही दशम्या, दाण्याची चटणी, उकडलेले बटाटे असं नेतो, आणि दोन थर्मास, एक दुपारच्या चहाचा आणि एक संध्याकाळसाठी राखून ठेवलेला, त्याला दुपारी कोणी हात लावायचा नाही. काउजच्या समुद्रकिनारी बागेत बसायला बाकं आहेत, फुकटचे इलेक्ट्रिक बार्बेक्यू आहेत, कणसं आणि पनीर नेलं तर मस्त भाजून होतं, फक्त आधी तवा पुसायला कागद आणि नंतर साफ करायला कागद. काउजचा किनारा उत्तरेकडचा, शांत, मुलांना पाण्यात सोडायचं तर इथेच सोडा. दक्षिणेकडे वूलामाईच्या बाजूला लाटा मोठ्या आणि पाण्याची ओढ वाईट आहे, तिथे जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे सोडून पाण्यात जायचंच नाही, पोहता येत असलं तरी.

पायात जोर असलेली मंडळी असतील तर केप वूलामाई. बेटाचं सगळ्यात उंच टोक, शंभर मीटरच्या थोडं वर, गुलाबीसर ग्रॅनाइटचे सुळके समुद्रात उभे आहेत, पिनॅकल्स म्हणतात. जाऊन-येऊन दोनेक तास धरा, सुरुवातीला वाळूतून चालावं लागतं तेच दमवतं. इथे जमिनीत भोकंच भोकं दिसतात ती मटनबर्डची घरटी. हा साधासा काळपट पक्षी सप्टेंबरच्या शेवटी येतो, इथे पिल्लं काढतो आणि एप्रिल-मेमध्ये पार अलास्काकडे निघतो, पुढच्या सप्टेंबरला परत त्याच बिळात हजर. त्याच बाजूच्या किनाऱ्यावर कोलोनेड्स नावाचे बसाल्टचे खांब आहेत, एकाला एक लावून ठेवल्यासारखे. बाबा अंधेरीचे, तिथल्या गिल्बर्ट हिल टेकडीचा कडा अशाच खांबांचा, ते म्हणाले अरे हा तर आमचा गिल्बर्ट हिल, याच्यासाठी एवढं विमानाचं तिकीट काढलं का. फॉरेस्ट केव्ह्जच्या गुहा बघायच्या तर ओहोटीलाच जाता येतं, म्हणून निघताना फोनवर भरती-ओहोटीचा तक्ता बघून ठेवा.

गुडघे दुखणारी मंडळी असतील तर वूलामाई सोडा आणि बेटावरच्याच ऱ्हिल गावाला जा. कॉन्झर्व्हेशन हिलवर गाडी लावायची आणि उतरत खाली खारफुटीत लाकडी वाटेने चालायचं, एक पैसा लागत नाही आणि टूरच्या बसेस इथे फिरकत नाहीत. आमची सासू रत्नागिरीकडची, ती कठड्यापाशी थांबली, वाकून चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीसारख्या मुळ्या बघितल्या, पान उलटं करून बघितलं आणि म्हणाली, अगं हे तर तिवर! आणि खरंच तिवरच होतं, एव्हिसिनिया मरिना, आपल्या खाड्यांमधलंच, फक्त थंडीमुळे इथे बुटकं राहिलेलं. जगातली सगळ्यात दक्षिणेची खारफुटी याच व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर, थोडं पुढे आहे. उन्हाळ्यात चिखलावर सायबेरियाकडून आलेले चिमुकले स्टिंट पक्षी पळत असतात, दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर कोणाची तरी मागून न्या. सासूबाईंना तिथून हलवायला अर्धा तास लागला, दिवसभरात त्यांना सगळ्यात आवडलेली जागा तीच.

मग दुपार कलायला लागली की बेटाच्या पश्चिम टोकाला, नॉबीजला. समुद्राच्या कडेने लाकडी वाट आहे, तीही फुकट, आणि सूर्यास्ताच्या आधीच ती बंद करतात म्हणून उशीर करू नका. समोर सील रॉक्सवर फर सीलची मोठी वसाहत आहे पण ती दीडेक किलोमीटर लांब, नुसत्या डोळ्यांना खडकावर काहीतरी हललं एवढंच कळतं, सील जवळून दाखवणारी बोट महाग आहे आणि पोटात ढवळतं, मी एकदाही गेले नाहीये. नॉबीजची खरी गंमत पायाखाली आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना गवतात छोट्या लाकडी पेट्या ठेवल्यात, पेंग्विनसाठी घरटी म्हणून, हळू चाला आणि वाकून अंधारात बघत राहा, नशीब असेल तर भर दिवसा निळ्या पाठीचा एक पेंग्विन झोपेत बसलेला दिसतो. याचा फोटो काढलेला चालतो, फ्लॅश बंद करून, आणि तो काढून ठेवाच कारण रात्री काढता येणार नाही. गवतात चरणारे राखाडी जाडे पक्षी म्हणजे केप बॅरन गीज, आणि वाटेत काळसर कांगारूसारखं उड्या मारताना दिसेल ते वॉलबी, मुलांना कांगारू म्हणून खपवायचं असेल तर खपवा. वेळ उरला तर परेडच्या जवळच स्वान लेक आहे, छोटी चाल, लपून पक्षी बघायच्या झोपड्या, काळे हंस.

परेडला सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा म्हणजे पुढच्या पायऱ्या मिळतात. टॉयलेटला आधीच जाऊन या, एकदा बसलं की उठवत नाही. फोन, कॅमेरा काहीही बाहेर काढायचा नाही, प्रकाशाने पक्षी बिचकतात म्हणून सक्त बंदी आहे, काकालोकांना हे घरीच दोनदा सांगून ठेवा, नाहीतर तिथे सगळ्यांसमोर बोलणी बसतात. मग काळोख होतो, लाटेच्या फेसात पाच-सहा ठिपके उभे राहतात, फूटभर उंचीचे, किलोभर वजनाचे. थांबतात. पुढचा दोन पावलं टाकतो, मागे बघतो, घाबरतो की सगळे धपाधप परत पाण्यात. असं दोन-तीनदा झालं की एकदम पंधरा-वीस जण मिळून वाळू ओलांडतात, अगदी रस्ता क्रॉस करणाऱ्या आपल्या लोकांसारखे, एकट्याने नाही पण घोळका जमला की बिनधास्त. पहिला घोळका गेला की बरेच लोक उठतात. तुम्ही पण उठा पण गाडीकडे पळू नका, परतीच्या लाकडी वाटेवर रेंगाळा, तिथे पेंग्विन कठड्याच्या पलीकडून तुमच्या पायाशी हातभर अंतरावरून धापा टाकत वर चढत असतात, बिळांमधून गाढवासारखे ओरडत असतात, आणि हे जनरल तिकिटातच आहे, म्हणून म्हटलं महाग तिकीट नको.

तिकिटाचे पैसे जरा टोचले तर एवढं सांगते की या जागी एके काळी बंगल्यांची वसाहत होती, समरलँड नावाची. १९८५ पासून सरकारने एकेक घर विकत घेऊन पाडलं, २०१० पर्यंत हे चाललं. पेंग्विन खाणारे कोल्हेही संपवले, २०१७ ला बेट कोल्हामुक्त जाहीर झालं. परेड चालवणारी संस्था नफ्यासाठी नाही, पैसा याच कामात जातो. बाबांना हे गाडीत सांगितलं तर ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, पक्ष्यांसाठी घरं पाडली? माणसांची? आणि परत गप्प.

निघताना पार्किंगमध्ये टॉर्च लावून गाडीखाली बघा, चाकापाशी पेंग्विन बसलेला असू शकतो, तशा पाट्याच लावल्यात. पुलापर्यंत गाडी हळू, वॉलबी रस्त्यात उड्या मारतात. एप्रिलच्या शेवटी गेलात आणि पुलावरचे दिवे बंद दिसले तर बिघाड नाही, मटनबर्डची पिल्लं पहिल्यांदा उडताना दिव्यांकडे ओढली जाऊन रस्त्यावर पडतात म्हणून मुद्दाम बंद ठेवतात. तो राखून ठेवलेला थर्मास पूल ओलांडल्यावर सॅन रेमोला गाडी थांबवून उघडायचा, साखर घरूनच घालून न्या, आमची दर वेळी राहते.